पॅसिफिकवरून क्विन्सीकडे : पाच नोडांचा सेफ क्लस्टर चालू ठेवून आवृत्ती कशी बदलावी?

प्रश्न : गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातील एका सहकारी संस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांतील केळी उत्पादकांची खाती, वजनकाट्याच्या पावत्या, गाड्यांच्या रवानगीच्या नोंदी आणि जुन्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती हे सारे या सर्व्हरांवरील व्हर्च्युअल मशीनमध्ये आहे. काट्यावरची नोंद पहाटेपासून सुरू होते आणि हंगामात रात्री उशिरापर्यंत चालते, त्यामुळे सगळे बंद ठेवून निवांत काम करण्याची मुभा मला जवळजवळ नाहीच.

मांडणी अशी आहे. प्रॉक्समॉक्स 7 (व्हर्च्युअल मशीन चालवणारी कार्यप्रणाली) चे पाच नोड म्हणजे सर्व्हर, त्यांवरच सेफ (सर्व नोडांच्या डिस्क जोडून एकत्र साठवण करणारी प्रणाली), आवृत्ती पॅसिफिक 16.2.15, प्रत्येक नोडवर 4 टेराबाइटच्या सहा फिरत्या डिस्क, तीन मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीचा नकाशा सांभाळणारे सेफचे प्रोग्राम) आणि नोडांना जोडणारे 10 गिगाबिटचे स्वतंत्र नेटवर्क. प्रत्येक पूलमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या विभागात, माहितीच्या तीन प्रती आणि लिहिणे चालू राहण्यासाठी किमान दोन असा नियम आहे. एकूण जागेपैकी 62 टक्के भरलेली आहे. स्कॅन केलेल्या प्रतींसाठी एक लहान सेफएफएस (सेफची फाइल प्रणाली) आहे, बाकी सर्व आरबीडी (व्हर्च्युअल मशीनच्या आभासी डिस्क). क्लस्टरची सुरुवात सेफच्या ज्युएल या जुन्या आवृत्तीच्या काळात झाली आणि तेव्हापासून तो एकेक आवृत्ती चढत आला. त्यामुळे पहिल्या दोन नोडांवरील ओएसडी (एकेका डिस्कचे काम पाहणारे प्रोग्राम) अजून फाइलस्टोर या माहिती साठवण्याच्या जुन्या पद्धतीवर आहेत.

प्रॉक्समॉक्स 7 चा आधार जुलै 2024 मध्येच संपलेला असल्यामुळे आता थांबणे योग्य नाही, हे मला पटलेले आहे. माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. पॅसिफिकनंतरची क्विन्सी वगळून थेट तिच्या पुढच्या रीफवर जाता येईल का, कारण सेफच्या दस्तऐवजात दोन आवृत्त्यांची उडी चालते असे दिसते? फाइलस्टोरचा आधार रीफमध्ये काढून टाकलेला आहे, तेव्हा त्या डिस्कचे काम क्विन्सीवर गेल्यानंतर सावकाश केले तर चालेल का? आणि मधल्या एखाद्या टप्प्यावर काही बिघडले तर परत पॅसिफिकवर येण्याचा मार्ग कुठपर्यंत खुला असतो? तिसऱ्या प्रश्नाची मला सर्वांत अधिक काळजी आहे.

उत्तर : पांझरा, धुळे

आपण तिसऱ्या प्रश्नाची काळजी अधिक करता हे योग्यच आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. सेफमध्ये एका मोठ्या आवृत्तीवरून मागच्या मोठ्या आवृत्तीवर परत येण्याची अधिकृत सोय नाही. नवी पॅकेजे नोडांवर उतरली आहेत पण एकही डेमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू झालेला नाही, तोपर्यंत आपण खऱ्या अर्थाने पॅसिफिकवर असता. सर्व मॉनिटर नव्या आवृत्तीवर येऊन त्यांचा कोरम, म्हणजे कामाला लागणारे बहुमत, जुळला, की मॉनिटरच्या नकाशातील किमान आवृत्ती 17 होते आणि त्यानंतर जुना मॉनिटर त्यांच्यात सामील होऊ शकत नाही. परतीचा मार्ग व्यवहारात इथेच बंद होतो. अखेरीस ओएसडींची आवश्यक आवृत्ती क्विन्सी अशी जाहीर करणारी आज्ञा दिली जाते, ती जुन्या ओएसडींनाही दार बंद करते. पुष्कळ जण या शेवटच्या आज्ञेला घाबरतात आणि मॉनिटर मात्र सहज बदलून टाकतात. माझ्या मते सावधगिरी मॉनिटरच्या आधी हवी. एकदा ते बदलले, की पुढे नीट जाणे एवढेच हाती उरते.

आता उडीविषयी. पॅसिफिकवरून थेट रीफ हा मार्ग सेफच्या नियमात बसतो, हे आपले वाचन बरोबर आहे. परंतु आपला सेफ प्रॉक्समॉक्समधून येतो. प्रॉक्समॉक्स 7 साठी ऑक्टोपस, पॅसिफिक आणि क्विन्सी एवढ्याच आवृत्त्या दिलेल्या आहेत आणि प्रॉक्समॉक्स 8 मध्ये क्विन्सीपासून सुरुवात होते. म्हणजे दोन्हींत सामाईक असलेली आवृत्ती क्विन्सीच, आणि 7 वरून 8 वर जाण्याआधी सेफ क्विन्सीवर असला पाहिजे अशी अटही आहे. तेव्हा आधी 7 वरच क्विन्सी, मग प्रॉक्समॉक्स 8, मग रीफ असा प्रवास करावा लागेल. पुढे प्रॉक्समॉक्स 9 वर जायचे असेल तर त्याआधी सेफची स्क्विड आवृत्ती लागेल. दोन बदल एकाच रात्री करू नयेत. सेफची आवृत्ती बदलल्यावर काही दिवस क्लस्टर शांतपणे चालू द्यावा, मगच कार्यप्रणालीला हात लावावा.

प्रत्यक्ष क्रम मॉनिटर, मॅनेजर (देखरेखीचा प्रोग्राम), ओएसडी आणि शेवटी एमडीएस (सेफएफएसमधील फाइलींची नोंद सांभाळणारा प्रोग्राम) असा ठेवावा. सुरुवात करताना क्लस्टरचे आरोग्य निखळ ‘हेल्थ ओके’ असले पाहिजे. ‘ही सूचना नेहमीचीच आहे’ असे म्हणून एखादी पिवळी ओळ तशीच ठेवून पुढे जाऊ नये, कारण नंतर नवी पिवळी ओळ आली तर ती ओळखू येत नाही. मॉनिटर एकेक करून सुरू करावेत आणि प्रत्येक वेळी तिघांचा कोरम परत जुळल्याची खात्री करावी. ओएसडींच्या बाबतीत एका नोडवरचे सहाही एकदम पुन्हा सुरू केले तरी चालतात, कारण आपल्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या नोडांवर आहेत असे मी धरून चालतो. ते क्रशच्या, म्हणजे कोणती प्रत कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या, नियमात एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. फैलावाची पातळी ‘होस्ट’ऐवजी ‘ओएसडी’ निघाली, तर एकाच नोडवर दोन प्रती असू शकतात आणि माझा हा सल्ला घातक ठरेल. नोड थांबवण्यापूर्वी ‘ओके टू स्टॉप’ ही तपासणी विचारून घेता येते. एका नोडचे काम झाल्यावर सर्व प्लेसमेंट ग्रुप (माहितीचे गट) ‘अ‍ॅक्टिव्ह प्लस क्लीन’ होईपर्यंत दुसऱ्या नोडला हात लावू नये. या एका नियमाशी तडजोड केली नाही, तर काट्यावरची नोंद चालू असतानाही हे काम होऊ शकते.

सेफएफएसपुरती एक गोष्ट वेगळी. एमडीएस बदलण्याआधी सक्रिय एमडीएसची संख्या एकवर आणावी आणि स्टँडबाय रिप्ले (राखीव एमडीएसने सक्रिय एमडीएसची नोंद सतत वाचत राहण्याची सोय) बंद करावे. काम झाल्यावर दोन्ही पूर्ववत करता येतात.

उत्तर : वाघूर

पांझरा यांनी क्रम नेमका सांगितला आहे. मला दुसऱ्या प्रश्नाविषयी तातडीने लिहावेसे वाटले, कारण फाइलस्टोरचे काम क्विन्सीनंतर करण्याचा आपला विचार आपल्या क्लस्टरसाठी बहुधा योग्य ठरणार नाही.

फाइलस्टोर स्वतः क्विन्सीमध्ये कालबाह्य ठरवलेला असला तरी चालतो आणि रीफमध्ये तो उरत नाही, इथपर्यंत आपली माहिती बरोबर आहे. परंतु क्विन्सीने आणखी एक गोष्ट काढून टाकलेली आहे, ती म्हणजे लेव्हलडीबी या जुन्या डेटाबेसचा आधार. ज्युएलच्या काळात उभारलेले मॉनिटर आपली माहिती लेव्हलडीबीत ठेवत, आणि त्या काळातील फाइलस्टोर ओएसडींचा ओमॅप, म्हणजे माहितीसोबतच्या लहान नोंदींचा साठा, हाही बहुधा लेव्हलडीबीतच असतो. असा मॉनिटर किंवा असा ओएसडी क्विन्सीच्या प्रोग्रामने उघडता येणार नाही. मॉनिटरच्या माहितीच्या फोल्डरात ‘केव्ही बॅकएंड’ नावाची एका शब्दाची फाइल असते. ती तिन्ही नोडांवर उघडून पाहा. तेथे रॉक्सडीबी (नवा डेटाबेस) असेल तर मॉनिटरची चिंता नाही, लेव्हलडीबी असेल तर तो मॉनिटर पॅसिफिकवर असतानाच नव्याने तयार करून घ्यावा लागेल. हे करताना जुना मॉनिटर काढून मग नवा बसवण्यापेक्षा आधी चौथ्या नोडवर नवा मॉनिटर उभा करावा, तो कोरममध्ये आला की मग जुना काढावा. तिघांतला एक काढल्यावर उरलेल्या दोघांपैकी एकही पडणे परवडत नाही, तर चौघांत एक पडला तरी तिघांचे बहुमत टिकते.

ओएसडींपैकी किती फाइलस्टोरवर आहेत, हे ओएसडी मेटाडेटामधील ‘ऑब्जेक्टस्टोर’ या नोंदीची मोजणी मागून एका आज्ञेत कळते. फाइलस्टोरचे ब्लूस्टोर या नव्या पद्धतीत जागच्या जागी रूपांतर होत नाही. ओएसडी ‘आउट’ करायचा, म्हणजे वाटणीतून बाहेर काढायचा, त्यावरील माहिती इतरत्र हलेपर्यंत थांबायचे, ‘सेफ टू डिस्ट्रॉय’ होकार आला की तो मोडायचा आणि त्याच डिस्कवर ब्लूस्टोरचा नवा ओएसडी तयार करायचा. इथे आपल्या 62 टक्क्यांचा हिशेब महत्त्वाचा आहे. पूर्ण नोड एकदम रिकामा केला तर तीच माहिती चार नोडांवर बसते आणि सरासरी वापर 77.5 टक्क्यांवर जातो. सेफची ‘निअरफुल’ची सूचना मुळात 85 टक्क्यांना येते, 90 टक्क्यांना त्या डिस्ककडे माहिती हलवणे थांबते आणि 95 टक्क्यांना लिहिणेच बंद होते. सरासरी 77 असली तरी डिस्कमधील वाटणी कधीच सारखी नसते, त्यामुळे एखादी डिस्क 85 ओलांडेल अशीच शक्यता अधिक. म्हणून मी एका वेळी एकच डिस्क, फार तर एकाच नोडवरील दोन, एवढ्यावर थांबेन. वेळ लागतो, पण संपूर्ण कामात प्रत्येक प्रत शाबूत राहते, कारण जुना ओएसडी मोडण्याआधी त्याची माहिती दुसरीकडे पोचलेली असते.

हे काम पॅसिफिकवर असतानाच उरकण्याला आणखी एक कारण आहे. क्विन्सीपासून ओएसडींच्या कामांची वाटणी एमक्लॉक नावाच्या नव्या पद्धतीने होते. बॅकफिलची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या माहिती हलवण्याच्या कामांची, संख्या वाढवून किंवा कमी करून वेग आवरण्याची जी सवय आपणा सर्वांना आहे, ती तिथे तशी लागू पडत नाही. आकडा बदलला तरी परिणाम दिसत नाही, कारण मर्यादा एमक्लॉकचे निवडलेले प्रोफाइल ठरवते. फिरत्या डिस्कवर तर सुरुवातीला मोजलेली क्षमता अवास्तव धरली गेली आहे का, हेही तपासावे लागते. इतक्या डिस्कची माहिती हलवायची असताना वेगाची दोरी आपल्या हातात असलेली बरी, आणि ती दोरी आपल्याला पॅसिफिकमध्ये चांगली ओळखीची आहे.

काम सुरू करण्याआधी त्या दोन नोडांवरील प्लेसमेंट ग्रुपचे डीप स्क्रब (प्रतींची संपूर्ण वाचून केलेली पडताळणी) पूर्ण करून घ्या. ब्लूस्टोर प्रत्येक ब्लॉकची चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतो आणि वाचताना ती पडताळतो, फाइलस्टोर तसे करत नाही. एखादी प्रत मूकपणे खराब झालेली असेल तर ती आता कळलेली चांगली, कारण चांगली प्रत अजून दुसरीकडे आहे.

मेमरीचाही विचार करावा. ब्लूस्टोरमध्ये प्रत्येक ओएसडीचे मेमरीचे उद्दिष्ट मुळात 4 गिगाबाइट असते, म्हणजे सहा ओएसडींच्या नोडला 24 गिगाबाइट केवळ साठवणुकीसाठी बाजूला ठेवावे लागतील. त्याच नोडांवर व्हर्च्युअल मशीनही चालतात, तेव्हा ही बेरीज कागदावर मांडून मगच पुढे जावे.

उत्तर : सातपुडा, नंदुरबार

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्युएलपासून चढत आलेला क्लस्टर, त्यात फाइलस्टोर, त्यात कदाचित लेव्हलडीबी, एवढे सगळे दुरुस्त करण्यापेक्षा तीन नव्या नोडांवर नवा क्लस्टर उभारावा आणि व्हर्च्युअल मशीन एकेक करून तिकडे न्यावीत. जुना क्लस्टर जसाच्या तसा शिल्लक राहतो, आणि आपण ज्या परतीच्या मार्गाची काळजी करता तो खरोखर मिळतो. आवृत्ती बदलताना नवा क्लस्टर रिकामा असल्यामुळे मनावरचा ताणही पुष्कळ कमी होतो. संस्थेकडे पैसा असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

उत्तर : पांझरा, धुळे

सातपुडा यांच्या सूचनेत तथ्य आहे आणि यंत्रे बदलण्याची वेळ तशीही आलेली असेल तर ती प्रथम विचारात घ्यावी. मात्र तीन नोडांच्या नव्या क्लस्टरमध्ये तीन प्रती ठेवल्या, तर एक नोड पडल्यावर तिसरी प्रत ठेवायला जागाच उरत नाही आणि तो नोड परत येईपर्यंत क्लस्टर दोन प्रतींवर चालतो. पाच नोडांत ही अडचण नाही. शिवाय सहकारी संस्थेत खरेदीचा ठराव, निविदा आणि मंजुरी यांत जो काळ जातो तेवढा काळ आधार संपलेल्या कार्यप्रणालीवर राहणे मला अधिक धोक्याचे वाटते. जुन्या क्लस्टरमध्ये दोष आहेत ते सर्व ज्ञात आहेत आणि प्रत्येकावर नेमका उपाय आहे. म्हणून मी दुरुस्तीच्या बाजूने आहे.

उत्तर : दीपनगर, भुसावळ

आज्ञा आणि आवृत्त्यांविषयी वर पुरेसे आले आहे. आपल्याकडची वीज आणि ऊन यांविषयी लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरसाठी लिहिलेल्या सूचनांत ते सापडत नाही.

प्रॉक्समॉक्समध्ये नवी पॅकेजे उतरवल्यावरही चालू असलेले डेमन जुन्याच आवृत्तीवर राहतात आणि आपण स्वतः पुन्हा सुरू करेपर्यंत तसेच चालतात. ही सोय आहे, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. समजा पाचही नोडांवर क्विन्सीची पॅकेजे दुपारी उतरवली आणि मॉनिटर रात्री बदलायचे ठरवले. मधल्या वेळेत वीज गेली, यूपीएस पुरला नाही आणि एखादा नोड बंद पडून परत उठला, तर त्यावरील ओएसडी मॉनिटरच्या आधी क्विन्सीत उठण्याचा प्रयत्न करतील. म्हणजे ठरलेला क्रम वीजमंडळाच्या हाती गेला. म्हणून पॅकेजे आणि मॉनिटर ही दोन्ही कामे एकाच बैठकीत करावीत. त्या दिवशी त्या फीडरवर देखभालीसाठी वीज बंद राहणार नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. यूपीएसच्या बॅटऱ्या पूर्ण भाराखाली किती वेळ टिकतात, हे क्षमतेच्या छापील आकड्यावर न सोडता प्रत्यक्ष पाहावे आणि जनरेटरमध्ये डिझेल भरून ठेवावे.

उन्हाबद्दल असे, की फाइलस्टोरच्या डिस्क बदलण्याचे काम एप्रिल-मेमध्ये मुळीच काढू नये. जळगाव-भुसावळ पट्ट्यात तेव्हा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, वातानुकूलन यंत्रे आधीच पूर्ण भाराने चालतात आणि त्यात माहिती हलवण्याचे काम सुरू झाले की सर्व डिस्क रात्रंदिवस फिरत राहतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ या कामाला सर्वांत चांगला. डिस्कचे तापमान आणि पुन्हा नेमलेल्या (खराब झाल्यामुळे बदललेल्या) सेक्टरांची संख्या डिस्कच्या ‘स्मार्ट’ या स्वतःच्या नोंदींमधून आधी नोंदवून ठेवा. जुन्या डिस्क दीर्घकाळच्या वाचनाच्या ताणाखालीच बहुधा प्राण सोडतात, तेव्हा दोन-तीन नव्या डिस्क कपाटात आणून ठेवलेल्या असाव्यात.

प्रॉक्समॉक्स 8 वर जाताना तपासणीचा जो तयार प्रोग्राम मिळतो, तो प्रत्येक नोडवर चालवा आणि त्याने दाखवलेली प्रत्येक सूचना वाचा. नव्या कर्नलमध्ये नेटवर्क कार्डांची नावे बदलू शकतात. तसे झाले तर नोड उठतो पण सेफच्या नेटवर्कवर दिसत नाही, आणि दूरून लॉगिन करण्याचा मार्गही त्याच वेळी जातो. नावे आधीच कार्डाच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवावीत आणि आयपीएमआय (सर्व्हर दुरून हाताळण्याची स्वतंत्र सोय) चालू असल्याची खात्री करावी. ते नसेल तर स्क्रीन आणि कीबोर्ड घेऊन नोडापाशीच बसावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे तपासणी केली. तीनपैकी दोन मॉनिटर रॉक्सडीबीवर आहेत, पण सर्वांत जुना लेव्हलडीबीवर निघाला. फाइलस्टोरचे ओएसडी बारा आहेत, म्हणजे पहिल्या दोन नोडांवरील सर्वच. क्रशच्या नियमातील पातळी ‘होस्ट’ आहे. वाघूर यांनी लेव्हलडीबीचा मुद्दा मांडला नसता तर मी थेट क्विन्सीची पॅकेजे उतरवली असती, त्यामुळे त्यांचे विशेष आभार.

आता ठरवले आहे ते असे. पॅसिफिकवरच पाचव्या नोडवर नवा मॉनिटर उभा करून जुना काढेन, मग डीप स्क्रब, मग बारा डिस्क एकेक करून ब्लूस्टोरवर, आणि त्यानंतर केळीची आवक कमी असलेला आठवडा पाहून क्विन्सी. एक शंका उरते. ओएसडी पुन्हा सुरू करताना ‘नोआउट’ (बंद ओएसडीला ‘आउट’ न ठरवण्याचा आदेश) लावावे असे सर्वत्र सांगितलेले आहे. पण ते लावलेले असताना एखादी डिस्क खरोखरच गेली, तर तिच्या प्रती पुन्हा तयार होणार नाहीत ना? आणि काम अडू नये म्हणून किमान प्रतींची संख्या तात्पुरती एकवर आणावी, असा सल्ला मला एकाने दिला आहे. तो मानावा का?

उत्तर : पांझरा, धुळे

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो : तो सल्ला कृपा करून मानू नका. किमान संख्या दोन असताना एक नोड थांबला तरी दोन प्रती असतात आणि लिहिणे चालू राहते, म्हणजे आपल्या कामासाठी ती कमी करण्याची गरजच नाही. ती एक केली आणि दुसरा नोड अकस्मात पडला, तर सेफ एकाच प्रतीवर लिहीत राहील. नंतर तीच डिस्क गेली, तर काट्यावर शेतकऱ्याच्या मालाची झालेली नोंद कोणत्याच प्रतीत सापडणार नाही. दोन असताना अशा वेळी लिहिणे थांबते, मशीन अडकतात, फोन येतात, पण नोंद हरवत नाही.

‘नोआउट’बद्दलची आपली शंका रास्त आहे. बंद पडलेला ओएसडी साधारणपणे 600 सेकंदांनी ‘आउट’ ठरतो आणि प्रती नव्याने तयार होऊ लागतात. ‘नोआउट’ लावल्यावर हे थांबते आणि संपूर्ण क्लस्टरला लावले तर खरोखर गेलेल्या डिस्कलाही ते लागू होते. नॉटिलस या जुन्या आवृत्तीपासून हा झेंडा (फ्लॅग) एका विशिष्ट नोडपुरता लावण्याची सोय आहे. गटासाठी झेंडा लावणारी आज्ञा नोडच्या नावासह द्यावी, त्या नोडचे काम झाले की काढावी आणि पुढच्या नोडला लावावी. बाकीचे चार नोड तेवढ्या वेळात पूर्ण संरक्षणाखाली राहतात. नुसते ओएसडी पुन्हा सुरू करायला 600 सेकंद लागतच नाहीत, तरीही झेंडा लावावा, कारण एखादा ओएसडी सुरू व्हायला कुरकुरला तर निवांतपणे पाहता येते. प्रॉक्समॉक्स 8 च्या वेळी नोड पूर्ण रीबूट होणार असल्यामुळे तिथे तो आवश्यकच आहे.

उत्तर : वाघूर

आपल्या क्रमात एकच भर घालावी. पहिली डिस्क ‘आउट’ करण्याआधी सर्व व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप या क्लस्टरबाहेरच्या यंत्रावर घेतलेला असावा आणि त्यांतील खात्यांचे मशीन तिथून परत उभे करून, त्यात मागच्या आठवड्याच्या पावत्या उघडतात हे पाहिलेले असावे. तीन प्रती डिस्क गेल्यावर उपयोगी पडतात. प्रोग्रामच्या दोषाने खराब झालेली माहिती मात्र तिन्ही प्रतींत सारखीच खराब होते. पॅसिफिकच्याच 16.2.7 पूर्वीच्या आवृत्त्यांत ओमॅपच्या रूपांतराचा असा एक गंभीर दोष होता. सुरुवातीला आपोआप दुरुस्ती करण्याचा पर्याय चालू असलेल्या क्लस्टरांना त्याचा धोका होता. आपली 16.2.15 त्यानंतरची आहे, तरी या क्लस्टरने ऑक्टोपसवरून पॅसिफिकवर येताना नेमकी कोणती उपआवृत्ती वापरली होती, हे आपल्या जुन्या नोंदींत पाहून इथे कळवावे. ती 16.2.7 च्या आधीची निघाली आणि तो पर्याय चालू होता असे दिसले, तर तिन्ही ब्लूस्टोर नोडांवरील ओएसडींची तपासणी मॉनिटर बदलण्याआधी करून घ्यावी लागेल.